कुष्ठरोगातल्या आजारी पेशी मुळात कुठून येतात? नाशिकमधून वारंवार येणारे प्रश्न

त्वचेच्या बायोप्सीच्या काचा, म्हणजे काचपट्टीवर बसवलेले त्वचेचे पातळ काप, भिंगाखाली वाचायचं माझं काम. रिपोर्ट हातात पडला की लोक विचारतात ते प्रश्न बहुतेक तेच असतात. कधी पेठ-सुरगाण्याकडच्या आशाताई विचारतात, कधी सिडको-सातपूरचे नातेवाईक, कधी परीक्षेच्या तोंडावर आलेली वैद्यकीय आणि नर्सिंगची मुलं. त्यांतले पेशींविषयीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलंय तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. कुष्ठरोगात 'आजारी पेशी' म्हणतात ती जंतूचीच ना?

नाही. जंतू वेगळा, आजारी पेशी वेगळी. जंतू म्हणजे मायकोबॅक्टेरियम लेप्री, क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. आकार काडीसारखा, लांबी मिलिमीटरच्या काही हजारांश. आजारी पेशी मात्र आपल्याच शरीरातल्या असतात. जंतू त्यांच्या आत मुक्काम ठोकतो, आणि त्यांचं दिसणं-वागणं बदलतं.

अशा पेशी मुख्यतः दोन कुळांतल्या. एक मॅक्रोफेज, म्हणजे बाहेरून आलेलं काहीही गिळून पचवणारी भक्षक पेशी. दुसरी श्वॉन पेशी, मज्जातंतूच्या धाग्याभोवती आवरण घालून त्याला सांभाळणारी. त्वचेवरचे चट्टे आणि गाठी मुख्यतः पहिल्या कुळामुळे येतात, बधिरपणा आणि वाकडी बोटं दुसऱ्या कुळाला इजा झाल्यामुळे. ही दोन कुळं शरीरात अगदी वेगळ्या जागी जन्मतात, आणि पुढची बरीचशी उत्तरं त्या फरकातूनच निघतात.

२. भक्षक पेशी त्वचेत येते तरी कुठून?

बहुतेक हाडांच्या मगजातून, म्हणजे अस्थिमज्जेतून. तिथे मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तयार होतात. त्या रक्तात एक ते काही दिवस फिरतात आणि जिथून हाक येईल तिथे रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढत ऊतीत उतरतात. उतरल्यावर त्या आकाराने वाढतात, त्यांची पचनाची सामग्री वाढते आणि त्यांना मॅक्रोफेज म्हणू लागतात.

काही भक्षक पेशी मात्र आपण आईच्या पोटात असतानाच त्वचेत येऊन वसलेल्या असतात आणि तिथेच आपली संख्या टिकवतात. जंतूशी पहिली गाठ बहुधा अशा आधीपासूनच्या रहिवाशांची पडते. आजार वाढून गाठी येतात तेव्हा काचेवर दिसणारा मोठा जमाव मात्र रक्तातून नव्याने आलेल्या पेशींचा असतो.

३. रिपोर्टमध्ये 'फोमी मॅक्रोफेज' लिहिलंय. हा कॅन्सर तर नाही?

नाही. घाबरू नका. कॅन्सरमध्ये एखादी पेशी बेबंद वाढते आणि आपल्यासारख्याच पेशी काढत सुटते. फेसाळ मॅक्रोफेज तशी वाढत नाही. ती जंतू गिळून बसलेली, चरबीने भरलेली आपलीच भक्षक पेशी आहे. उपचार सुरू झाले की जंतू मरतात आणि या पेशी सावकाश ओसरतात. ट्यूमरसारखी दिसणारी एक फसवी जात आहे, तिच्यासाठी प्रश्न १४ पाहा.

४. पूर्वीच्या डॉक्टरांना ही पेशी कुठली वाटायची?

हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि मला तो फार आवडतो, कारण या एका पेशीवरून जवळजवळ शंभर वर्षं वाद चालला.

एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या किनाऱ्यावर कुष्ठरोग पुष्कळ होता आणि बर्गन हे शहर त्याच्या अभ्यासाचं केंद्र बनलं. तिथल्या डॅनियलसन यांनी, बॉक यांच्यासोबत, १८४७ मध्ये आजाराचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं, पण त्यांच्या मते आजार आनुवंशिक होता. १८५९ मध्ये जर्मनीचे रुडॉल्फ फिरकोव नॉर्वेला गेले. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते, हे ठासून सांगणारे ते हेच. गाठींच्या कापांत त्यांना मोठ्या, पोकळ्या-पोकळ्यांनी भरलेल्या पेशी दिसल्या. आजही आम्ही त्यांना 'लेप्रा सेल' किंवा 'फिरकोव सेल' म्हणतो. पण त्या आल्या कुठून, याचं फिरकोव यांचं उत्तर होतं संयोजी ऊती, म्हणजे त्वचेतला आधाराचा विणकाम केलेला थर. त्या थरातल्या पेशी चिथावल्या जाऊन वाढतात, असं ते मानत.

मग १८७३ मध्ये, बर्गनमध्येच, आर्माऊर हॅन्सन यांना गाठींच्या रसात काडीसारखे जंतू दिसले. हॅन्सन हे डॅनियलसन यांचे जावई, आणि सासऱ्यांच्या आनुवंशिकतेच्या मताला छेद देणारा शोध जावयाने लावला. १८७९ मध्ये आल्बर्ट नायसर यांनी ते जंतू रंगवून दाखवले. आता नवा वाद उभा राहिला: जंतू पेशींच्या आत आहेत की पेशींच्या मधल्या लसिकेच्या फटींत? नायसर म्हणत आत. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ उन्ना म्हणत, तुम्ही ज्याला पेशी म्हणता तो फटीत साचलेला जंतूंचा नि चिकट द्रव्याचा गोळा आहे.

गाडी रुळावर आली ती मेचनिकॉफ यांच्यामुळे. त्यांनी १८८२ मध्ये मेसिनाला ताऱ्यामाशाच्या अळ्यांत पेशी बाहेरची वस्तू गिळताना पाहिल्या आणि भक्षक पेशींची कल्पना मांडली. पुढे आशॉफ यांनी १९२४ मध्ये शरीरभर विखुरलेल्या अशा पेशींची एक मोट बांधली. १९७२ मध्ये व्हान फुर्थ आणि सहकाऱ्यांनी अस्थिमज्जा, मोनोसाइट, मॅक्रोफेज असा वंशवृक्ष मांडला. लेप्रा सेल त्या झाडावर जाऊन बसली. आईच्या पोटातून आलेल्या पेशींची भर (प्रश्न २) त्यात नंतर पडली.

फिरकोव यांचं उत्तर टिकलं नाही, पण 'ही पेशी कोणापासून झाली?' हा प्रश्न त्यांनीच विचारायला शिकवला.

५. पेशीत फेस कशाचा असतो?

चरबीचा. मेणात बसवण्यापूर्वी बायोप्सीचा तुकडा ज्या रसायनांतून जातो त्यांत चरबी विरघळून जाते. काचेवर उरतात रिकामे गोल बुडबुडे, म्हणून पेशी फेसाळ दिसते.

ही चरबी जंतूच्या मेणचट आवरणातून आली, असं बराच काळ मानलं जायचं. काही तिथूनच येते. पण बरीचशी आपल्याच शरीरातली असते, कोलेस्टेरॉल आणि इतर स्निग्ध पदार्थ. जंतू आत शिरला की पेशी चरबीचे थेंब साठवू लागते. हे थेंब जंतूच्या सोयीचे ठरतात: त्यांचा निवारा होतो आणि पेशीची मारक ताकद मंदावते.

मोठ्या भिंगाखाली तेल टाकून पाहिलं तर फिकट निळ्या पार्श्वभूमीवर लालभडक जंतू दिसतात, काड्यापेटीतल्या काड्या चिकटून जुडी व्हावी तसे. अशा जुड्यांचा गोळा झाला की त्याला आम्ही ग्लोबस म्हणतो. एका पेशीत शेकडो जंतू असूनही पेशी जिवंत असते. पहिल्यांदा भिंगाला डोळा लावणारी मुलं इथे हमखास थबकतात.

६. भक्षक पेशी जंतू गिळते, मग मारत का नाही?

गिळलेला जंतू पेशीत एका पिशवीत जातो. एरवी ही पिशवी पाचक रसांच्या पिशवीला जोडली जाते आणि जंतूचा निकाल लागतो. हा जंतू ती जोडणी लांबवतो. शिवाय पेशीला 'आता मार' असा हुकूम बाहेरून मिळावा लागतो. तो देतात लिंफोसाइट नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, इंटरफेरॉन-गॅमा हे द्रव्य सोडून. हुकूम पोचला तर पेशी मारते. त्याऐवजी शांत करणारे संदेश, उदाहरणार्थ इंटरल्यूकिन-१०, जास्त पोचले तर ती गिळत राहते, मारत नाही आणि फेसाळ होते.

बहुसंख्य माणसांत हा हुकूम वेळेवर जातो. सुमारे ९५ टक्के लोकांना हा जंतू शरीरात गेला तरी आजार होत नाही.

७. आमच्या शेजाऱ्यांना एकच चट्टा, मामांना अंगभर गाठी. दोघांच्या पेशी वेगळ्या असतात का?

कूळ एकच, अवस्था वेगळी. शेजाऱ्यांच्या शरीराने जोरात प्रतिकार केला. तिथे भक्षक पेशींनी एपिथेलिऑइड नावाचं रूप घेतलं: लांबट, एकमेकींना खेटून बसलेल्या, भोवती लिंफोसाइटचं कडं. या जमावाला ग्रॅन्युलोमा म्हणतात. त्यात जंतू शोधूनही सापडत नाहीत. हा ट्युबरक्युलॉइड प्रकार. मामांच्या शरीराचा या एका जंतूपुरता प्रतिकार थंड पडला, म्हणून फेसाळ पेशी आणि भरमसाट जंतू. हा लेप्रोमॅटस प्रकार.

मध्ये पायऱ्या आहेत. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये त्या पाच गटांत मांडल्या, रिपोर्टातली टीटी, बीटी, बीबी, बीएल, एलएल ही अक्षरं तिथलीच: टीटी हे ट्युबरक्युलॉइड टोक, एलएल हे लेप्रोमॅटस टोक, बाकीच्या मधल्या पायऱ्या. कापात आणखी एक खूण दिसते. लेप्रोमॅटस प्रकारात वरच्या कातडीच्या लगेच खाली एक मोकळा पट्टा राहतो, पेशींचा जमाव त्याच्या खाली थांबतो. ट्युबरक्युलॉइड प्रकारात जमाव थेट कातडीला भिडतो.

दोघांना लागलेला जंतू एकच, हे मी मुद्दाम सांगते. 'त्यांचा जंतू साधा, आमचा जहाल' असं काही नसतं.

८. 'लँगहान्स जायंट सेल' म्हणजे काय?

अनेक भक्षक पेशी एकमेकींत मिसळून झालेली एक मोठी पेशी, केंद्रकं कडेने नालाच्या आकारात रचलेली. ट्युबरक्युलॉइड गटात दिसते. क्षयातही दिसते, म्हणून नुसत्या तिच्यावरून निदान करत नाहीत. कुष्ठरोगाच्या बाजूने कौल देते ती त्वचेतल्या बारीक नसांना झालेली इजा.

९. नसांमधल्या आजारी पेशींचं मूळ कोणतं? त्याही रक्तातूनच येतात का?

नाही. गर्भ काही आठवड्यांचा असताना पाठीच्या बाजूला चेतानलिका, म्हणजे पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनणारी नळी, मिटत असते. तिच्या काठावरच्या पेशी निघून शरीरभर पसरतात. त्या काठाला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. श्वॉन पेशी त्यातून आल्या, त्वचेला रंग देणाऱ्या पेशीही त्यातूनच. रक्ताशी त्यांचं नातं नाही.

मेंदू आणि मज्जारज्जूत श्वॉन पेशी नसतात, तिथलं आवरण दुसऱ्या पेशी घालतात. हा जंतू तिथे जात नाही, त्याला हे एक कारण असावं. दुसरं कारण तापमान (प्रश्न २०).

आजारी नसेत भक्षक पेशीही असतात, पण त्या नंतर रक्तातून आलेल्या. म्हणजे एकाच नसेत दोन वेगळ्या जन्मांच्या पेशी जंतू बाळगून असतात.

१०. जंतू नसेच्या पेशीलाच नेमका कसा शोधतो?

श्वॉन पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, त्यात लॅमिनिन-२ नावाचं प्रथिन असतं. जंतूच्या आवरणावर एक खास साखरयुक्त स्निग्ध पदार्थ असतो, फिनॉलिक ग्लायकोलिपिड-१. तो या लॅमिनिनला धरतो आणि लॅमिनिन पुढे पेशीवरच्या डिस्ट्रोग्लायकनला जोडलेलं असतं. अनुरा रंबुक्कना आणि सहकाऱ्यांनी १९९७ ते २००० या काळात ही साखळी उलगडली.

आपल्याकडचंही एक नाव इथे यायला हवं. मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर. विसाव्या शतकाच्या मध्याला त्यांनी अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांच्या काचा तपासून त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंकडे लक्ष वेधलं. रेणूंची भाषा तेव्हा हाती नव्हती, नजर होती.

११. जंतू नसेच्या पेशीची 'मूळपेशी' बनवतो असं वाचलं. खरंय का?

उंदरांच्या पेशींत तसं दिसलंय. २०१३ मध्ये रंबुक्कना यांच्याच गटाने दाखवलं की जंतू बराच काळ आत राहिला की प्रौढ श्वॉन पेशी आपली ओळख पुसते. 'मी श्वॉन पेशी आहे' असं सांगणारी जनुकं, विशेषतः सॉक्स-१०, बंद पडतात, आणि गर्भावस्थेतली जनुकं पुन्हा चालू होतात. अशी पेशी मग जागा बदलू शकते, स्नायूसारख्या दुसऱ्या ऊतीत मिसळू शकते आणि भक्षक पेशींना बोलावून जंतू त्यांच्या हवाली करू शकते. २०२२ मध्ये त्याच गटाला आर्माडिलो या प्राण्यात जंतूमुळे यकृत वाढलेलं दिसलं, आणि ते वाढलेलं यकृत निरोगी घडणीचं होतं.

माणसाच्या नसेत हे असंच घडतं, असं यावरून म्हणता येत नाही. 'कुष्ठरोगाच्या जंतूपासून नवीन अवयव' अशा मथळ्यांचे व्हिडिओ पाहून कोणी गोळ्या थांबवू नयेत.

१२. मग नस मारतं कोण, जंतू की आपलंच शरीर?

दोघंही, पण मोठा वाटा आपल्या प्रतिकाराचा. नसेत जमलेल्या पेशींमुळे सूज येते. नस अरुंद बोगद्यातून जात असेल, जसं कोपराच्या मागे, तर ती दाबली जाते. २०१७ मध्ये झीब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत संशोधकांनी पाहिलं की जंतू गिळलेल्या भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात आणि त्याने शेजारच्या धाग्यांना इजा होते. जंतूला मारायला काढलेलं हत्यार धाग्याला लागतं. म्हणूनच टीटी-बीटी गटात, जिथे जंतू जवळजवळ नसतात, तिथेही नस लवकर आणि जोरात बिघडू शकते.

याचा व्यवहारातला अर्थ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बहुविध औषधोपचार, म्हणजे पाकिटातून मिळणाऱ्या कुष्ठरोगाच्या गोळ्या, जंतू मारतो, नसेची सूज उतरवत नाही. द्राक्षाच्या छाटणीला कात्री धरताना पकड सैल पडायला लागली, चप्पल पायातून निसटलेली कळेना, डोळा पूर्ण मिटेना, कोपराजवळची नस दुखायला लागली, तर पुढच्या पाकिटाची तारीख येईपर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात दाखवा. सूज उतरवणारं प्रेडनिसोलोन हे औषध वेळेत सुरू झालं तर गेलेली ताकद परत येण्याची शक्यता चांगली असते. सहा महिने उलटले की ती फार कमी होते, कारण मेलेल्या धाग्यांच्या जागी व्रणाची ऊती भरते.

१३. चट्टा फिकट का पडतो? हे कोड नाही का?

कुष्ठरोगात रंगपेशी सहसा संपत नाहीत, त्यांचं रंग बनवण्याचं आणि पोचवण्याचं काम मंदावतं. म्हणून चट्टा फिकट किंवा तांबूस दिसतो, दुधासारखा पांढरा नाही. कोडात रंगपेशीच नाहीशा होतात. कोडाच्या डागावर स्पर्श कळतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श, ऊन-गार किंवा टोचणी कमी कळते, घाम येत नाही, लव विरळ होते. चेहऱ्यावरचा चट्टा याला अपवाद ठरू शकतो: तिथे नसांचं जाळं दाट असल्याने बधिरपणा कळून येत नाही.

१४. बायोप्सीत 'लांबट पेशींची गाठ' आली. आधी ट्यूमर म्हणाले, मग कुष्ठरोग. कोण चुकलं?

कदाचित कोणीच नाही. हिस्टॉइड नावाची एक जात आहे. फिलिपिन्समधल्या क्युलियनचे डॉ. वेड यांनी १९६३ मध्ये तिचं वर्णन केलं. तीत भक्षक पेशी फेसाळ न राहता लांबट, चातीसारख्या होतात आणि भोवऱ्यासारख्या रचल्या जातात. साध्या रंगात ते तंतूपेशींच्या गाठीसारखं दिसतं. या लांबट पेशी मूळच्या कोणाच्या, यावर पुष्कळ खल झाला. आज त्यांना भक्षक कुळातल्याच मानतात. जंतूंसाठी खास रंग लावला की काच लाल काड्यांनी भरून जाते आणि शंका मिटते.

ही जात पूर्वी एकट्या डॅप्सोन या औषधावर वर्षानुवर्षं राहिलेल्यांत जास्त दिसे. कधीच औषध न घेतलेल्यांतही दिसते. जंतू फार असल्याने घरातल्यांची तपासणी लांबणीवर टाकू नये.

१५. अंगावर चट्टाच नाही, फक्त हात बधिर. तरी कुष्ठरोग म्हणाले. असं असतं?

असतं. त्याला निव्वळ मज्जातंतूंचा कुष्ठरोग म्हणतात आणि भारतात तो दुर्मीळ नाही. त्वचेत काही न दिसता श्वॉन पेशी आणि नसेतल्या भक्षक पेशी आजारी असतात. कानाच्या पाळीचा स्मिअर, म्हणजे तिथल्या त्वचेला बारीक छेद देऊन काढलेला रस काचेवर पसरून जंतू शोधण्याची तपासणी, बहुधा निगेटिव्ह येतो. नस जाड लागते का, हे बोटांनी चाचपून पाहतात, सोनोग्राफी आणि नसेची विद्युत तपासणी करतात. लागलंच तर फक्त स्पर्शज्ञान वाहणाऱ्या एखाद्या छोट्या नसेची बायोप्सी घेतात.

१६. स्मिअर निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही, असंच ना?

असं नाही. जंतू भिंगाखाली दिसायला ऊतीच्या एका ग्रॅममध्ये साधारण दहा हजार तरी असावे लागतात. ट्युबरक्युलॉइड गटात तेवढे नसतातच (प्रश्न ७). बधिर चट्टा आणि जाड नस असेल तर स्मिअर निगेटिव्ह असूनही निदान पक्कं असतं.

१७. वर्षभराच्या गोळ्या पूर्ण झाल्या, तरी रिपोर्टात फेसाळ पेशी आणि जंतू. आजार उलटला का?

बहुतेक वेळा नाही. पाकिटातल्या रिफाम्पिसिन या औषधाच्या पहिल्या काही मात्रांतच जवळजवळ सगळे जंतू मरतात आणि रुग्णाकडून लागण होण्याचा धोका राहत नाही. पण मेलेले जंतू उचलून टाकायला शरीर फार वेळ घेतं. त्यांचं मेणचट आवरण पचत नाही आणि ते भक्षक पेशीत पडून राहतात. जंतूंचा निर्देशांक शून्य ते सहा अशा पायऱ्यांवर मोजतात आणि तो वर्षाला जेमतेम एक पायरी उतरतो. सहापासून सुरुवात झालेल्या माणसाच्या काचेवर औषध थांबल्यानंतर कित्येक वर्षं फेसाळ पेशी दिसू शकतात.

आजार खरंच उलटला का, हे ठरवायला जंतूचं रूप बघतात. अखंड, एकसारखा रंगलेला जंतू जिवंत असण्याची शक्यता असते, तुटक-दाणेदार जंतू मेलेला. नवे चट्टे, वाढता निर्देशांक आणि अखंड जंतू असे एकत्र आले तर आजार उलटल्याचा संशय घ्यायचा. बायोप्सी पाठवताना अर्जावर 'उपचार पूर्ण, अमुक महिना-साल' एवढं लिहा. त्या एका ओळीने काच वाचणाऱ्याचं मत बदलू शकतं.

१८. गोळ्या चालू असताना अचानक लाल, दुखऱ्या गाठी आणि ताप आला. गोळ्या बाधल्या का?

गोळ्या बंद करू नका, लगेच दाखवा. ही 'रिअ‍ॅक्शन' असते आणि ती दोन तऱ्हांची. पहिलीत लिंफोसाइट जागे होतात, जुने चट्टे लाल होऊन फुगतात, नसा धोक्यात येतात. दुसरीत, मुख्यतः लेप्रोमॅटस गटात, मेलेल्या जंतूंचे अंश आणि प्रतिपिंड यांची गुंफण ऊतीत साचते. तिथे न्यूट्रोफिल नावाच्या पेशी गोळा होतात आणि दुखऱ्या गाठी उठतात. दोन्हींत पेशी आपल्याच, जंतूंची नवी वाढ नाही. दोन्ही तऱ्हा उपचार संपल्यावरही येऊ शकतात. नसेचं काय करायचं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

१९. गोळ्यांनी रंग काळवंडला. पेशी कायमच्या खराब झाल्या का?

नाही. पाकिटातलं क्लोफाझिमिन हे औषध मुळात लालसर रंगद्रव्य आहे. ते चरबीत आणि भक्षक पेशींत साठतं, त्यामुळे ज्या चट्ट्यांत अशा पेशी जास्त तिथे काळपटपणाही जास्त. औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग हळूहळू निवळतो. लग्न ठरायच्या वयाच्या मुली या रंगापायी गोळ्या सोडतात, हे आशाताईंकडून मी वारंवार ऐकते. सुरुवातीलाच त्यांना हे सांगून ठेवा.

२०. जंतूला गारवा आवडतो म्हणतात. मग निफाडच्या थंडीत आजार वाढतो का?

गारवा हवेचा नव्हे, शरीराच्या भागाचा. जंतूला सुमारे २७ ते ३३ अंश सेल्सिअस मानवतं. म्हणून कानाची पाळी, नाक, त्वचा, डोळ्याचा पुढचा भाग, वृषण आणि कातडीलगतच्या नसा इथल्या पेशी आधी आजारी पडतात. शरीराच्या आतल्या ऊबदार भागात तो फारसा वाढत नाही. उकाड्याच्या विदर्भात आणि दमट कोकणातही हा आजार आहेच.

निफाडच्या थंडीत धोका शेकोटीचा. बधिर हाताला चटका कळत नाही. कपडे जास्त घाला, शेकू नका.

२१. प्रयोगशाळेत या पेशी आणि जंतू वाढवून लवकर औषध का काढत नाहीत?

कारण हा जंतू कृत्रिम खाद्यावर आजवर खात्रीने वाढलेला नाही. २००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा दिसलं की सुमारे १,६०० जनुकं चालू आहेत आणि हजाराहून अधिक मोडीत निघालेली. स्वतःच्या गरजा भागवायची क्षमताच तो गमावून बसलाय, म्हणून त्याला जिवंत पेशी लागते. तिथेही तो दुप्पट व्हायला साधारण दोन आठवडे घेतो. त्यामुळेच लागण आणि चट्टा यांत सरासरी पाच, कधी वीस वर्षंही जातात. अभ्यासासाठी उंदराचे तळपाय (१९६० पासून) आणि आर्माडिलो (१९७१ पासून) वापरतात.

२२. आजारी पेशी आपल्याच, म्हणजे आजार रक्तातून मुलांत उतरणार?

नाही. आई-बाप मुलांना चट्ट्यातल्या पेशी देत नाहीत. प्रतिकार कमी-जास्त असण्याचा थोडा कल मात्र जनुकांतून येतो, उदाहरणार्थ एचएलए आणि नॉड-२ या जनुकांचे फरक. एका घरात दोघांना आजार दिसतो त्याचं मोठं कारण बरीच वर्षं जवळ राहणं. म्हणून घरातल्या सगळ्यांची त्वचा उजेडात, अंगभर तपासून घ्यायची. ज्यांना आजार नाही त्यांना रिफाम्पिसिनची एक मात्रा प्रतिबंध म्हणून देतात. लग्नाबाबतही कायदा बदललाय: २०१९ च्या दुरुस्तीने कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलेलं नाही.

२३. रामकुंडावर बोटं झडलेले लोक बसतात. २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीत त्यांच्याकडून लागण होईल?

व्यंग म्हणजे चालू आजार नव्हे. ज्यांची बोटं आखडली वा झिजली आहेत त्यांतले पुष्कळ जण कधीच बरे झालेले असतात. त्यांच्या पेशींत जिवंत जंतू नसतात, जखमा होतात त्या बधिरपणामुळे. बोटं 'झडत' नाहीत, न कळलेल्या जखमा चिघळून हाड झिजतं. लागण होते ती उपचार न घेतलेल्या, जंतू खूप असलेल्या माणसाच्या नाकातोंडातल्या तुषारांतून, तीही दीर्घ सहवासात. गर्दीत शेजारून गेल्याने, एकाच कुंडात स्नान केल्याने किंवा हातावर प्रसाद ठेवल्याने नाही. त्यांच्यापैकी कोणाच्या पायाला उघडी जखम दिसली तर त्यांना सिव्हिलला न्यायला मदत करा. मलमपट्टी आणि बधिर पायांसाठीच्या मऊ तळाच्या चपला, दोन्हींची त्यांना खरी गरज असते.

२४. बायोप्सी चट्ट्याच्या मधून घ्यायची की कडेवरून?

हा प्रश्न तरुण डॉक्टरांचा. ट्युबरक्युलॉइड गटात कडेवरून, जिथे चट्टा उठावदार आणि ताजा आहे. मधला भाग बरा होत आलेला असतो, तिथे काही हाती लागत नाही. गाठ असेल तर गाठीतूनच. तुकडा खालच्या चरबीपर्यंत खोल हवा, कारण त्वचेतल्या नसा तिथवर असतात आणि वरवर खरवडलेल्या तुकड्यात नेमक्या त्याच सुटतात. बाटलीत फॉर्मॅलिन भरपूर, तुकड्याच्या निदान दहापट. अर्जावर चट्ट्याची जागा, स्पर्शज्ञान आहे की नाही, कोणती नस जाड लागते आणि आधी घेतलेली औषधं लिहा.